उघड्या गाडीत हेल्मेट आणि कानात इअरप्लग : गरज की अती?

म्हापशेकर :
मंडळी, विषय थोडा वेगळा वाटेल पण मनापासून लिहितोय. माझ्या मित्राकडे दोन सीटची उघडी स्पोर्ट्स कार आहे, छत मागे दुमडून जातं तसली. मध्यंतरी आम्ही दोघं पणजीहून काणकोणला जाऊन आलो. पाऊस नुकताच ओसरलेला, छत उघडं, काचा खाली, झुआरीचा नवा पूल, पुढे काणकोणचा बायपास. मजा आली हे आधीच सांगतो, त्याबद्दल तक्रार नाही. पण रात्री जेवायला बसलो तर दोन्ही कानांत सूंऽऽ चालू, आणि बायको काय म्हणते ते दोनदा विचारावं लागलं. सकाळपर्यंत गेलं सगळं, तरी मी घाबरलो, कारण हा सूं आमच्या घरात ओळखीचा आहे.

आमचे बाबा मांडवीवर खनिजाच्या बार्जवर होते, इंजिनरूममध्ये, सव्वीस वर्षं. तेव्हा कानाला काही लावायची पद्धत नव्हती, फार तर कापूस. आता चवथीला घरी आरती होते तेव्हा ते घुमटाच्या, म्हणजे मातीच्या भांड्याच्या वाद्याच्या, अगदी जवळ बसतात, घुमटाचा ठोका त्यांना कळतो, सोबत वाजणारं शामेळही थोडं कळतं, पण कासाळ्यांची म्हणजे झांजांची किणकिण अजिबात नाही. माझा मुलगा कासाळे वाजवतो, आजोबा त्याच्या हातांकडे बघून मान डोलावतात. मला ते बघवत नाही.

तर दुसऱ्या खेपेला मी कानात इअरप्लग आणि डोक्यावर माझं बाइकचं फुल फेस हेल्मेट घालून बसलो. पेट्रोल पंपावर पोरं हसली, मित्रही ओशाळला. माझं मत सरळ आहे, छत नाही म्हणजे डोकं आणि कान दोन्ही उघडे, मग बाइकवाल्याला जे लागतं ते इथेही लागणारच. तुम्हाला काय वाटतं?

कळंगुटचो_वारो :
मला नाही पटलं. पावसात भिजायला म्हणून बाहेर पडायचं आणि रेनकोट घालायचा, असं झालं हे. उघडी गाडी माणूस वाऱ्यासाठीच घेतो ना? आणि कायदा बघा, मोटार वाहन कायद्याचं 129 कलम दुचाकीसाठी आहे, कारमध्ये बेल्ट सांगितलाय, हेल्मेट नाही. कारला सीट आहे, बेल्ट आहे, एअरबॅग आहे, समोर काच आहे, बाइकला यातलं काहीच नसतं. दोन्ही एका मापात मोजू नका. शिवाय गोव्यात 90 ने चालवायला मिळतंच किती वेळ, पर्वरीलाच अर्धा तास अडकतो आपण.

सत्तरीचो :
हेल्मेटच्या बाबतीत मी कळंगुटच्या वाऱ्याबरोबर आहे पण कारण वेगळं आहे, जरा सविस्तर लिहितो. मी कोइम्बतूरच्या ट्रॅकवर दोनदा गाडी चालवून आलोय, तिथे हेल्मेटशिवाय आत सोडत नाहीत आणि ते बरोबरच आहे. पण रस्त्यावरच्या गाडीत तेच हेल्मेट घातलं तर हिशोब बदलतो. माणसाचं डोकं साधारण 5 किलोचं, फुल फेस हेल्मेट दीड किलोच्या आसपास. समोरून धडक बसली की साधा तीन ठिकाणी बांधलेला बेल्ट छातीला धरतो, डोकं मात्र पुढे फेकलं जातं आणि आता त्या डोक्यावर दीड किलो जास्त. तो सगळा ओढा मानेवर येतो. रेसिंगमध्ये यासाठीच हॅन्स नावाची कॉलर असते, खांद्यावर बसते आणि पट्ट्यांनी हेल्मेटला बांधलेली असते, डोकं पुढे जाऊच देत नाही. फॉर्म्युला वनमध्ये ती 2003 पासून सक्तीची झाली. त्याआधी 2001 मध्ये अमेरिकेत डेटोनाच्या शर्यतीत डेल अर्नहार्ट हा रेसर वारला, कवटीच्या तळाचं हाड मोडून. डोक्यावर हेल्मेट होतं त्याच्या, पण मान धरायला काही नव्हतं. आणि ही कॉलर आपल्या नेहमीच्या बेल्टबरोबर चालत नाही, दोन्ही खांद्यांवरून येणारा रेसचा पट्टा लागतो.

दुसरी गोष्ट हेडरेस्टची. रोजच्या गाडीचा हेडरेस्ट डोक्याच्या जवळ ठेवलेला असतो, हेल्मेटची जाडी मागे आली की डोकं आधीच पुढे ढकललेलं राहतं, मान अवघडते. तिसरं म्हणजे उंची. उंच माणसाचं डोकं हेल्मेटसकट रोलबारच्या (सीटमागच्या मजबूत दांडीच्या) वर गेलं तर गाडी उलटल्यावर पहिलं जमिनीला तेच लागणार. ट्रॅकवर हे तपासायला पुढच्या काचेच्या वरच्या कडेपासून रोलबारपर्यंत सरळ काठी धरतात, हेल्मेट काठीच्या खाली राहिलं पाहिजे. म्हापशेकर बाब, मित्राच्या गाडीत हेल्मेट घालून बसा आणि एकदा काठी लावून बघाच.

अबोली :
मी ऑडिओमेट्री करते, म्हणजे माणसाला बंद खोलीत बसवून कानाला हेडफोन लावून बारीक बारीक आवाज सोडायचे, ऐकू आला की बटण दाबायचं, ती तपासणी. हेल्मेटचं मला कळत नाही, मी फक्त कानाचं बोलते आणि कानाच्या बाबतीत म्हापशेकर शंभर टक्के बरोबर आहेत.

85 डेसिबल आवाजात 8 तास, ही जगभर सावधगिरीची मर्यादा धरतात (आपल्याकडे कारखान्यांच्या नियमात 8 तासांना 90 आहे, म्हणजे आपण आणखी ढिले). पण खरी मेख पुढे आहे, दर 3 डेसिबल वाढले की वेळ निम्मा. 88 ला 4 तास, 91 ला 2, 94 ला फक्त 1. अमेरिकेत कानाच्या डॉक्टरांनी उघड्या गाड्यांमध्ये आवाज मोजला होता, 2011 मध्ये तो अभ्यास छापून आला, छत उघडं ठेवून ताशी 88 किमीला बहुतेक गाड्यांत आकडा 85 च्या वर गेला. इंजिनाचं त्यात फारसं काही नाही, तो वाऱ्याचाच आवाज, आणि वेग वाढला की तो भराभर चढतो. त्यात लोक वाऱ्यावर मात करायला गाणी मोठी लावतात, म्हणजे दोन्ही मिळून कानावर.

आतल्या कानात केसांसारख्या पेशी असतात, एका कानात साधारण 15,000. त्या मेल्या की परत येत नाहीत. आवाजाने बिघडलेल्या कानाचा आलेख मी रोज बघते, 4000 हर्ट्झपाशी खड्डा पडलेला असतो. बाबांना घुमट ऐकू येतो आणि कासाळे नाही, ते यामुळेच, बारीक उंच आवाज आधी जातात.

मात्र कळंगुटच्या वाऱ्याचं एक म्हणणं मला मान्य आहे. 40-50 च्या वेगाने गावातून फिरताना कानात काही घालायची गरज नाही. हायवेला लागताना घाला. आणि बाजूच्या काचा वर घ्या हो, छत उघडं ठेवूनही, त्यानेच बराच फरक पडतो. सीटच्या मागे वारा अडवायची जाळी असते ती मित्राने काढून ठेवली असेल तर लावायला सांगा.

कळंगुटचो_वारो :
ताई, तुमचा मान ठेवून विचारतो. कानात बोळे घातल्यावर मागून ॲम्ब्युलन्स आली, कदंबा बसने हॉर्न दिला, तर ऐकू कसा येणार? ही सुरक्षितता की उलटच? आणि हे आकडे मलाही माहीत आहेत, मी मोबाईलवर ॲप लावून बघितलंय, 70 च्या स्पीडलाच 103 दाखवत होतं, मग तर आपण सगळे बहिरे व्हायला हवे होतो.

अबोली :
ॲपवर जाऊ नका. वारा थेट मोबाईलच्या माइकवर आपटतो आणि तो सगळा आवाज म्हणून मोजला जातो. त्यासाठी फोमची टोपी लावलेला मीटर लागतो.

हॉर्नचं सांगते, हा प्रश्न सगळेच विचारतात. प्लग हॉर्नही कमी करतो आणि वाराही, दोन्ही सारखेच. वाऱ्यातून हॉर्न जितका उठून यायचा तितकाच येतो. ज्याचे कान चांगले आहेत त्याला गोंगाटात प्लग लावून हॉर्न ऐकायला अडचण येत नाही. ज्याला आधीच कमी ऐकू येतं त्याचं वेगळं, त्याने विचारून लावावेत. शिवाय दुकानात फिल्टरवाले प्लग मिळतात, वाजवणारे लोक वापरतात तसले, ते सगळे आवाज साधारण सारखेच खाली आणतात, बोलणं समजतं. गाणी ऐकायचे इअरफोन मात्र घालून चालवू नका, ती गोष्टच निराळी.

हणजूण_72 :
कानावरून स्कार्फ घट्ट बांधला तर चालणार नाही काय? मुली बांधतातच.

अबोली :
कापडाने आवाज जवळजवळ अडत नाही. आणि उघड्या गाडीत लांब ओढणी, स्कार्फ तर मुळीच नको. इसाडोरा डंकन ही मोठी नर्तिका 1927 मध्ये फ्रान्समध्ये नीसला उघड्या गाडीतच गेली, गळ्यातला लांब स्कार्फ मागच्या चाकात अडकला. दुचाकीवर ओढणीचे अपघात आपणही ऐकतो. बांधायचाच तर आखूड रुमाल, टोकं आत खोचून.

बार्देसकर :
हेल्मेट नको म्हणणाऱ्यांनी माझंही ऐका. आमच्या वाड्यावरचा रस्ता दोन्ही बाजूंनी माडांचा. मागच्या पावसाळ्याच्या तोंडावर शेजाऱ्याची उघडी जीप गेटसमोर उभी होती, वरून माडाचं सुकं चुडत (झावळी) पडलं, देठाकडची बाजू खाली करून. बाजूच्या सीटचं रेक्झिन फाटून आतला फोम बाहेर आला. पाच मिनिटांपूर्वी तिथे त्याची मुलगी बसली होती. ते देठ मी हातात धरून बघितलंय, पोफळीच्या वाशासारखं टणक असतं. नारळाचं तर बोलायलाच नको. चिऱ्यांचा ट्रक पुढे असेल तर खडेही उडतात.

आणि रेसिंगचं उदाहरण दिलंत तर हेही घ्या. 2009, हंगेरी, फॉर्म्युला वनचा रेसर फेलिपे मासाच्या डोक्यावर पुढच्या गाडीतून सुटलेली स्प्रिंग येऊन आदळली. हेल्मेट होतं म्हणून माणूस वाचला आणि पुढच्या वर्षी परत गाडीत बसला. मान मान करताय तुम्ही, पण वरून येणाऱ्या वस्तूला बेल्ट काय करणार आणि एअरबॅग काय करणार?

सत्तरीचो :
बार्देसकर, मुद्दा खरा आहे, टाळत नाही. पण मासाच्या समोर काच नव्हती. समोर काच नसेल तर हेल्मेट हवंच, तिथे माझा वाद नाही. एरियल ॲटम, केटीएम एक्स-बो, 2018 ची फेरारी मोंझा एसपी1, या गाड्यांना नेहमीसारखी विंडस्क्रीनच नाही, तिथे 80 च्या स्पीडला एक भुंगा डोळ्यावर बसला तरी गाडी हातातून जाईल. तिथे चेहरा झाकणारं हेल्मेट, तेही आयएसआय मार्कचं, रस्त्याकडेला टांगलेली टोपी नव्हे. पण मित्राच्या गाडीला उभी काच आहे, एअरबॅग आहेत. तिथे मी माडाखाली गाडी लावणार नाही, पावसाळ्याच्या तोंडावर माडांच्या रस्त्याने छत बंद ठेवीन, पण मानेवर दीड किलो घेणार नाही.

तिस्क_फोंडा :
एक साधी गोष्ट कोणी बोलत नाही. किनारी भागात काळ्या पाटीच्या भाड्याच्या थार बघा, मागे पोरं उभी राहून हात वर करून ओरडत चाललेली असतात, बेल्ट कोणालाच नाही. थार 2020 मध्ये ग्लोबल एनकॅपच्या धडक चाचणीत 4 स्टार घेऊन आली, पण ते स्टार बेल्ट लावून बसलेल्यांसाठी. मला वाटतं आधी सगळे सीटवर बसू द्या, बेल्ट लावू द्या, मग हेल्मेटचं बोलू.

बार्देसकर :
ते पटलं. पण म्हणून डोक्याचं सोडून देऊ नका. माझ्या भाच्याची विंडस्क्रीन नसलेली बग्गी आहे, त्याला मी आजच सांगतो.

म्हापशेकर :
सगळ्यांचं वाचलं, दोनदा वाचलं. काल मित्राच्या गाडीत हेल्मेट घालून बसलो आणि खरंच झाडूचा दांडा धरून बघितला. हेल्मेटचा माथा दांड्याच्या दोन बोटं वर. मी उंच आहे, हे डोक्यातच आलं नव्हतं. हेडरेस्टचंही सत्तरीचो यांनी सांगितलं तसंच, हनुवटी छातीकडे जात होती. शिवाय परवाच्या खेपेला मान दुखत होती ती मी झोपेवर घातली होती. काचेच्या वरच्या कडेवरून आलेला वारा हेल्मेटला सारखा धक्के देत होता, ते आता कळतंय. तर या गाडीत हेल्मेट मी मागे घेतो. दोन्ही हवंच म्हणालो होतो, ते चुकलं.

कानाचं मात्र मी सोडणार नाही. हेल्मेट घातलं की कान वाचतात असं मी धरून चाललो होतो, तेही खरं नव्हतं. परत येताना एका कानातला प्लग निघून पडला होता आणि हेल्मेट डोक्यावर असताना त्याच कानात रात्री सूं होता.

म्हापसा_पायलट :
मी बाइक टॅक्सी चालवतो, म्हणजे पायलट, पिवळ्या मडगार्डची, वीस वर्षं झाली. हेल्मेट नेहमी असतं. मोपा विमानतळाच्या भाड्याला जाऊन आलो की मलाही सूं येतो, मला वाटायचं वयाचा आहे. हे प्लग आमच्या हेल्मेटच्या आत बसतात काय? मी मागे कापूस घालून बघितला होता, काही फरक नाही.

अबोली :
बसतात दादा, आणि बाइकवाल्यांना तर कारवाल्यांपेक्षा जास्त गरज आहे. हेल्मेटच्या खालून मानेकडून वारा आत शिरतो आणि आतच घोंघावतो. कापसाने काही होत नाही. साधा फोमचा प्लग घ्या, स्वच्छ हाताने दोन बोटांत चोळून बारीक वळा, दुसरा हात डोक्यामागून आणून कान वरच्या बाजूला धरून वर आणि मागे ओढा, प्लग आत सरकवा आणि फुगेपर्यंत बोटाने धरून ठेवा, वीस-तीस सेकंद. अर्धा बाहेर लोंबत असेल तर बसलेला नाही, काढून परत घाला. आणि वीस वर्षं झालीत तर एकदा तपासणी करून घ्या, सरकारी हॉस्पिटलात ईएनटीकडे होते.

म्हापशेकर :
पायलट दादा, तुमचा स्टँड म्हापशाला कुठला, मार्केटकडचा की बसस्टँडचा? माझ्याकडे फोमच्या प्लगचा मोठा डबा आहे, शुक्रवारी बाजाराला येतो तेव्हा स्टँडवर आणून देतो, बाकीच्या पायलटांनाही पुरतील. हेल्मेट घालून कसा बसतो ते तिथेच बघू.