विषय: भाच्यासाठी ऑनलाइन डॉक्टर (२०२१)

नमस्कार मंडळी,
माझा भाचा वाळपईला, यंदा दहावीला. कोरोनामुळे बोर्डाने परीक्षा रद्द केली तेव्हा घरचे सुटलो म्हणाले, पण हा पानावर येऊन बसेनासा झालाय. रात्रभर जागा, दिवसा झोप. बहीण म्हणते, 'वयच तसं गो.' कर्फ्यूत बांबोळीच्या सरकारी इस्पितळात न्यायचं कसं? इथून ऑनलाइन डॉक्टरची वेळ घेऊन देऊ का? पैशांचं मी बघते.
– सं., मस्कत

सं. ताई,
आधी एक. पोराचं गाव आणि इयत्ता इथे लिहायला नको होतं, या ईमेल-यादीत निम्मी माणसं वाळपईच्याच सत्तरी तालुक्यातली आहेत.
पैसे नंतर. मार्च २०२० च्या टेलिमेडिसिन नियमांप्रमाणे अल्पवयीन मुलाला डॉक्टर एकट्याला तपासत नाहीत. सोबत मोठं माणूस लागतं, त्याची ओळखही पटवावी लागते. नियमामागचं कारण कळतं, पण आई खेटून बसलेली असताना सोळा वर्षांचा मुलगा बोलणार काय? आमच्या शेजारच्या मुलीचं तेच. घरात फोन एकच, घरात रेंज फक्त बाल्कांवात, म्हणजे पुढच्या ओसरीवर, आणि तिथे आजी सुपारी कातरत बसलेली. पोर हो-नाहीच्या पुढे जाईना. शेवटी समुपदेशकबाईंनीच तोडगा काढला: आधी आईशी बोलणं, मग फोन मुलीकडे. ती कुळागराच्या (घरामागच्या बागायतीच्या) टोकाला गेली, आई दिसेल एवढ्या अंतरावर पायरीवर. दुसऱ्या खेपेला पोर रडली, बोलली.
शाळा चालू असती तर हे वर्गशिक्षिकेच्याच लक्षात आलं असतं. संगाथ या मानसिक आरोग्याच्या संस्थेने गोव्यातल्या शाळांत प्रशिक्षित समुपदेशकांमार्फत काम केलंय, दर वेळी मानसोपचारतज्ज्ञच लागतो असं नाही. केंद्राची 'मनोदर्पण' हेल्पलाइनही आहे, ८४४८४४०६३२. पण जिवाचं बरंवाईट करण्याची भाषा निघाली तर कर्फ्यू बघू नका. उपचारांसाठी जायला मनाई नाही, थेट आयपीएचबी, म्हणजे बांबोळीचं मनोरुग्णालय, गाठा. 'बांबोळीला नेलं' असं गाव म्हणेल, म्हणू दे.
– मा., फोंडा (सध्या इथेच अडकलोय)

मा. भाऊ, आईपासून लपवून बोलायची सवय लावायची का पोरांना? आमच्या वेळी असलं काही नव्हतं.
– वि., दोहा

काका, आमच्या वेळीही होतं. बोलायला सोय नव्हती, म्हणून गप्प राहिलो. आणि लपवाछपवी कसली? आईला माहीत आहे की तो बोलतोय, आणि जिवाला धोका दिसला तर समुपदेशक तिला सांगणारच. बाकीचं त्याचं त्याच्याकडे राहू दे.
– मा.

मंडळी, बहीण तयार झाली. फोन त्याच्या हातात देऊन अंगणात बसेन म्हणते. अडचण एकच, त्याची आत्या. शेजारीच असते, हाक न मारता घरात येते. तेवढा वेळ तिला व्हिडिओ कॉलवर गुंतवायचं काम माझ्याकडे आलंय. अर्धा तास पुरतील एवढ्या सोयरिकीच्या बातम्या कुणाकडे असतील तर मला खाजगीत पाठवा, यादीवर नको.
– सं.