मोठ्या शहरात एकटीने राहायचं तर नेमकं काय काय यायला हवं?

नवी_भाडेकरू: नोकरीसाठी मोठ्या शहरात चाललेय. ओळखीचं कुणी नाही. घरचे एकच सांगतात, "कुणावर विश्वास ठेवू नकोस." मग घर कसं शोधायचं, रस्ता कुणाला विचारायचा? रोज उपयोगी पडेल असं काही सांगाल का?

वाटसरू: घरच्यांची काळजी खरी आहे, पण तेवढ्यावर भागत नाही. मी कित्येक वर्षं मोठ्या शहरांत राहतेय आणि आधी एकच बघते: समोरचा घाई करतोय का? "आत्ताच पैसे भरा, नाहीतर खोली जाईल." "फोन ठेवू नका, तुमच्यावर गुन्हा दाखल होतोय." "ओटीपी पटकन सांगा." फसवणाऱ्याला तुम्ही विचार केलेला चालत नाही. "उद्या सांगते" म्हणून बाजूला व्हा. खरं काम असेल तर ते उद्याही होतं.

रस्ता विचारायचा तर माणूस आपण निवडावा: दुकानदार, पहारेकरी, लेकरू घेऊन चाललेली बाई. आपणहून चिकटणाऱ्यापेक्षा हे बरं. नकाशा बघायचाय? वाटेत थबकू नका, कडेला जा, पाठीशी भिंत घ्या आणि मगच फोन काढा.

खोलीचा ताबा घेताना भिंतीची ओल, गळका नळ, तुटकी कडी, विजेच्या मीटरचा आकडा, सगळ्याचा व्हिडिओ काढून त्याच दिवशी घरमालकाला पाठवा. अनामत परत घेताना वाद याच गोष्टींवरून होतात.

जुना_प्रवासी: फोनवर *#०६# दाबा. १५ अंकी आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख क्रमांक, दिसेल, तो कागदावर उतरवून घरी ठेवा. फोन चोरीला गेला की तक्रारीत तो लागतो. घरच्यांचे दोन नंबर तोंडपाठ हवेतच.

गर्दीतली: तुफान गर्दीत दोन्ही हात छातीपुढे धरा, श्वासाला जागा राहते. चेंगराचेंगरीत माणसं बहुतेक गुदमरून जातात. लोंढ्याच्या उलट रेटू नका. रेटा ओसरला की तिरकं तिरकं कडेला सरका. काही पडलं तर कृपा करून वाकू नका.

नवी_भाडेकरू: किती आधार वाटला! एजंट म्हणतोय, खोली दाखवण्याआधी थोडे पैसे पाठवा.

वाटसरू: अजिबात पाठवू नका. आधी दिवसाउजेडी खोली बघा. बाहेर पडताना शेजारची बेल वाजवून विचारा, आधीचे भाडेकरू का गेले. एजंटला तिथे थांबू देऊ नका.