पहिल्यांदा ऐकलं तेव्हा डोक्यावरून गेलं होतं : प्रोग्रेसिव्ह रॉकचे अनुभव

प्रोग्रेसिव्ह रॉक, लाडाने ‘प्रॉग’, म्हणजे लांबलचक, गुंतागुंतीच्या तालांचं रॉक संगीत. त्यातलं येस या बँडचं ‘क्लोज टू द एज’ मी पहिल्यांदा ऐकलं ते दात-ओठ खाऊन. १९७२ चं गाणं, जवळजवळ १९ मिनिटांचं, म्हणजे रेकॉर्डची एक अख्खी बाजू. सुरुवातीला पाणी वाहतंय, पक्षी किलबिलताहेत, आणि मग एकदम पाच जण वाजवत सुटतात, प्रत्येकाला वेगळीच गाडी पकडायची असल्यासारखे. मध्ये चार वेळा मी किती मिनिटं उरलीत ते पाहिलं. संपल्यावर ठरवलं, पुन्हा या वाटेला जायचं नाही.

दोन महिन्यांनी भांडी घासताना एक संथ चाल गुणगुणत होतो. एका आवाजाखालून दुसरा आवाज सरकत जातो अशी. कुठली ते काही केल्या आठवेना. कढई अर्धी घासून झाली तेव्हा ट्यूब पेटली : त्याच गाण्याचा मधला भाग! त्याच्या पुढे चर्चचा ऑर्गन घुमतो. येसच्या कीबोर्डवाल्या रिक वेकमनने तो लंडनच्या सेंट जाइल्स क्रिपलगेट चर्चमध्ये वाजवलाय, हे मला नंतर कळलं. त्या रात्री गाणं पुन्हा लावलं. पुढे कुठे जाऊन पोचायचंय हे ठाऊक असल्यामुळे सुरुवातीची धावपळही या वेळी निराळीच ऐकू आली.

तर विचारायचं असं की, तुमच्यासाठी या संगीताचं दार कुठल्या गाण्याने उघडलं? कितव्यांदा ऐकल्यावर? १९६९ चं असो की गेल्या महिन्यातलं, चालेल. नावडलं असेल तर तेही लिहा, इथे कुणी मारणार नाही.

* * *

माझी गोष्ट कॅसेटची. मित्राच्या मोठ्या भावाने भरून दिली होती. बी साइडला शेवटी पिंक फ्लॉइडचं ‘एकोज’, १९७१ चं. आधी त्याने दुसरीच चार गाणी भरून ठेवलेली, त्यामुळे २३ मिनिटांच्या गाण्याला जागा पुरली नाही.

ज्यांनी ऐकलं नसेल त्यांच्यासाठी : सुरुवात पियानोच्या एका सुराने होते. टिंग. हा सूर फिरत्या लेस्ली स्पीकरमधून काढलाय, त्यामुळे खोल विहिरीत थेंब पडावा तसा लागतो. मग गाणं, मग बराच वेळ एकाच ठेक्यावर झुलणं, आणि मग सगळं विरघळून नुसता वारा. त्या वाऱ्यात कुणीतरी किंचाळतंय. पक्षी म्हणावा तर तसं नाही, माणूस तर नाहीच. ती डेव्हिड गिलमोरची गिटार आहे, गिटारचा आवाज बदलणाऱ्या ‘वा-वा’ पेडलला वायरी उलट्या जोडल्या की असा आवाज येतो. माझ्या कॅसेटवर त्या किंकाळीच्या ऐन मध्यावर टेप संपायची. खट्. बटण वर.

मला वाटायचं, काय शेवट आहे! अंधारात, वाऱ्यात, एका किंकाळीवर गाणं सोडून द्यायचं, एवढी हिंमत कुणाची असते? मी लोकांना धरून-धरून हा शेवट समजावून सांगितलाय. एकदा तर त्यावर चांगला अर्धा तास बोललो.

नऊ वर्षांनी सीडी मिळाली. दिवे मालवून पडलो होतो. किंकाळी आली, मी त्या ‘खट्’साठी तयार. पण खट् होईना. वारा हळूहळू ओसरला, लांबून ऑर्गन वर येऊ लागला, आणि मग... टिंग. तोच थेंब. मी ताडकन उठून बसलो. नऊ वर्षं अर्धंच गाणं ऐकत होतो की मी!

खरं सांगू? आजही मला कॅसेटवाला शेवट किंचित जास्त आवडतो. पण हे त्या भावाला सांगायची सोय नाही. तो म्हणेल, तरी मी म्हणत होतो, ९० मिनिटांची कॅसेट आण.

* * *

वरचा ‘खट्’ वाचून माझी फजिती आठवली. मी हौशी कीबोर्डवाला. किंग क्रिम्सनचा १९६९ चा पहिला अल्बम, ‘इन द कोर्ट ऑफ द क्रिम्सन किंग’, ऐकून अक्षरशः येडा झालो होतो. त्यात तंतुवाद्यांसारखा एक धुरकट, थोडा कापरा आवाज भिंतीसारखा उभा राहतो. तो मेलोट्रॉन. मग तसा आवाज देणारं एक सॉफ्टवेअर घेतलं आणि पहिलाच कॉर्ड ऐटीत धरून ठेवला. सात-आठ सेकंदांत आवाज बंद. पुन्हा दाबला, पुन्हा बंद. वायर बदलली, कॉम्प्युटर दोनदा बंद-चालू केला, शेवटी विकणाऱ्यांना सणसणीत पत्र लिहायला बसलो.

नशीब, पाठवण्याआधी माहितीपत्रक वाचलं. खऱ्या मेलोट्रॉनमध्ये प्रत्येक पट्टीखाली टेपची एकेक वेगळी फीत असते, त्यावर त्या सुराचं खरं रेकॉर्डिंग. पट्टी दाबली की फीत पुढे सरकते, साधारण आठ सेकंदांत संपते, सोडली की स्प्रिंगने मागे येते. सॉफ्टवेअरवाल्यांनी इमानेइतबारे तो दोषही जसाच्या तसा ठेवला होता! त्यानंतर जुनी गाणी ऐकताना माझं लक्ष वाजवणाऱ्याच्या बोटांकडे जायला लागलं. सूर मरायच्या आत पुढच्या कॉर्डवर उडी मारायची, नाहीतर एक बोट उचलून पुन्हा ठेवायचं. ती संथ, भव्य लाट म्हणजे वाजवणाऱ्याची आठ-आठ सेकंदांची कसरत असते. पत्र पुसून टाकलं.

* * *

मी संगीतातला नाही. जहाजावर रेडिओ ऑफिसर होतो, मॉर्सवर, म्हणजे लांब-आखूड ठोक्यांच्या सांकेतिक लिपीवर, पोट भरलं. १९९९ मध्ये जहाजांसाठी मॉर्सची सक्ती अधिकृतपणे संपली, पण कान थोडेच निवृत्त होतात? अजून कुणी टेबलावर बोटं वाजवली तरी मी अक्षरं शोधतो.

पुतण्याच्या गाडीत बसलो होतो. त्याने काहीतरी लावलं, सुरुवातीला झांजेवर टक-टक. मी न विचारता बोलून गेलो, “वाय, वाय, झेड.” त्याने गाडी बाजूला घेतली. म्हणाला, “काका, तुम्हाला रश माहीत आहे?” मी म्हटलं, रश कोण? गाण्याचं नावच ‘वायवायझेड’ निघालं, १९८१ चं, आणि तो टोरंटो विमानतळाचा कोड. रश हा बँडही तिथलाच.

डा-डिट-डा-डा, डा-डिट-डा-डा, डा-डा-डिट-डिट. पुढे घरी येऊन कागदावर मांडलं. त्यांनी लांब ठोक्याला दोन आणि आखूड ठोक्याला एक असं माप धरलंय. म्हणजे ७, ७ आणि ६, एकूण २०. अशी चार मापं मिळून एक मात्रा धरली तर बरोबर पाच मात्रांचं आवर्तन. सुरुवातीचं सगळं संगीत त्या कोडातूनच उगवलंय. आमच्या धंद्याच्या नियमाने मात्र डा हा डिटच्या तिप्पट हवा, आणि दोन अक्षरांमध्ये थोडी जागाही सोडायला हवी. परीक्षेत नापास केलं असतं. पण ड्रमवाल्याचे, म्हणजे नील पर्टचे, हात बघून मी तोंड मिटलं. तो जानेवारी २०२० मध्ये गेला तेव्हा पुतण्याने मला फोन केला. दोघंही फार बोललो नाही.

* * *

नावडलं तरी लिहा म्हणालात म्हणून लिहिते. नाही आवडलं. तीन वेळा प्रामाणिक प्रयत्न केला. बहुतेक २० मिनिटांच्या गाण्यांत सहा मिनिटांचं छान गाणं असतं आणि १४ मिनिटं ‘बघा आम्हाला काय-काय येतं’. नवऱ्याने येसचंच १९७३ चं ‘टेल्स फ्रॉम टोपोग्राफिक ओशन्स’ ऐकवलं. चार गाणी, ८० मिनिटं. त्याची कल्पना गायक जॉन अँडरसनला परमहंस योगानंदांच्या आत्मचरित्रातल्या एका तळटीपेवरून सुचली म्हणे. तळटीपेवरून ८० मिनिटं! मूळ मजकूर हाती लागला असता तर आम्ही अजून तिथेच बसलो असतो. आणि वेकमन या अल्बमला इतका कंटाळला होता की एका कार्यक्रमात त्याने स्टेजवरच करी-भात खाल्ला आणि दौरा संपल्यावर बँडही सोडला. वाजवणारा माणूस कंटाळतो, तर मी कोण?

* * *

वरच्या ताईंना : ‘टेल्स’वरून पारख करू नका, आम्ही भक्तसुद्धा त्याबाबतीत दोन तट पाडून भांडतो. लांबीचं म्हणाल तर तेव्हा रेकॉर्डच्या एका बाजूला साधारण २०-२२ मिनिटंच नीट मावायची, म्हणून इतकी गाणी त्याच मापाची निघाली. जेथ्रो टलने १९७२ मध्ये ‘थिक अ‍ॅज अ ब्रिक’ काढलं ते दोन्ही बाजू मिळून एकच गाणं, ४३ मिनिटांच्या वर, आणि ते अशा भारदस्त अल्बमांची टिंगल म्हणूनच केलेलं. वेष्टन म्हणजे गावच्या खोट्या बातम्यांचं अख्खं वर्तमानपत्र. गंमत ही की टिंगल करता-करता गाणं खरोखरच उत्तम झालं.

आणि पंकवाल्यांनी, म्हणजे छोटी, रांगडी गाणी वाजवणाऱ्या बंडखोर बँडांनी, प्रॉगला संपवलं असं म्हणतात, ती गोष्ट निम्मीच खरी आहे. ‘आय हेट पिंक फ्लॉइड’ लिहिलेला टी-शर्ट घालून फिरणाऱ्या, सेक्स पिस्टल्स या पंक बँडच्या गायकाने, जॉनी रॉटनने, १९७७ मध्ये रेडिओवर आपली आवडती गाणी लावली, त्यात व्हॅन डर ग्राफ जनरेटर या प्रॉग बँडच्या पीटर हॅमिलची गाणी होती. मी हॅमिलकडे त्याच्याचमुळे पोचलो. प्रॉगचा रस्ता मला प्रॉगच्या वैऱ्याने दाखवला.

* * *

ड्रमर आहे. पिंक फ्लॉइडच्या ‘मनी’चे सात ठोके मोजून मी स्वतःला शहाणा समजत असे. सात म्हणजे आपला रूपक ताल, त्यात काय एवढं! मग जेनेसिसचं ‘सपर्स रेडी’ हातात आलं, १९७२ चं. त्याच्या शेवटाकडे एक भाग आहे, तिथे ड्रम, बेस आणि गिटार नऊ मात्रांचा एकच तुकडा पुन्हा पुन्हा वाजवत राहतात, घाण्याला जुंपल्यासारखे. आणि वरती टोनी बँक्सचा ऑर्गन त्यांच्याकडे ढुंकूनही न बघता आपल्याच हिशेबात चालतो. मी पहिल्यांदा बरोबर वाजवायला गेलो तेव्हा ऑर्गन ऐकला आणि पाचव्या आवर्तनात पडलो. मग ऑर्गन ऐकायचाच नाही असं ठरवलं, तर नवव्यात पडलो. कारण ऐकायचं नाही म्हटलं की तोच जास्त ऐकू येतो. तीन आठवडे. बायको रात्री झोपेत नऊ मोजायला लागली.

ज्या दिवशी जमलं त्या दिवशी कळलं की यात मोजण्याचा आनंद नाहीच. दोघं इतका वेळ एकमेकांपासून लांब जातात की समेवर भेटतात तेव्हा अंगावर काटा येतो. आणि हे वाजवणारा फिल कॉलिन्स! १९७५ मध्ये पीटर गॅब्रिएल सोडून गेला, नवा गायक शोधून-शोधून थकले आणि शेवटी ड्रमवाल्यालाच माइकपुढे उभं केलं. त्याला लोक आता हळव्या गाण्यांसाठी ओळखतात. आम्ही ड्रमवाले त्या गाण्यांबद्दल त्याला माफ करतो.

हल्लीच्यांत टूल ऐका. २००१ च्या ‘लॅटरलस’मध्ये नऊ, आठ, सात असं आवर्तन उतरत जातं, आणि ९८७ ही फिबोनाची मालिकेतली संख्या आहे (आधीच्या दोन संख्यांची बेरीज म्हणजे पुढची संख्या, अशी ती मालिका). मी ते वाजवायच्या भानगडीत पडलेलो नाही. बायकोने हात जोडलेत.

* * *

मी उलट्या दिशेने आले. मुलगी १६ वर्षांची असताना दार लावून काहीतरी ऐकायची आणि मी बाहेरून “आवाज कमी” एवढंच म्हणायचे. एकदा ती म्हणाली, “आई, एकच गाणं बस ना.” मी घड्या घालायचे कपडे घेऊनच बसले. स्टीव्हन विल्सनचा २०१५ चा अल्बम होता, ‘हँड. कॅनॉट. इरेज.’. तिने सांगितलं, लंडनमध्ये एक बाई आपल्या घरात वारली आणि दोन वर्षांहून जास्त काळ कुणाला पत्ताच नव्हता, टीव्ही तसाच चालू. त्यावरून हे सगळं सुचलं. मग तिने ‘रुटीन’ लावलं. घरची माणसं गेलेली एक बाई, आणि ती मात्र रोजची कामं करतच राहते, त्यांचे कपडे धुते. बराच वेळ सगळं हळू चालतं. मग निनेत तायेब ही गायिका जो टाहो फोडते... माझ्या हातात मुलीचाच शर्ट होता. एक बाही दुमडलेली. तो तसाच मांडीवर राहिला.

मग विल्सनचाच बँड पॉर्क्युपाइन ट्री ऐकला. मग कळलं की याच विल्सनने किंग क्रिम्सन, येस, जेथ्रो टल यांची जुनी रेकॉर्डिंग नव्याने मिक्स केली आहेत, म्हणून तिकडे गेले. अशी मागे-मागे जात १९६९ ला पोचले. वर मेलोट्रॉनवाल्यांनी लिहिलाय तो अल्बम आता घरात आहे. मुखपृष्ठावरचा तो किंचाळणारा लाल चेहरा बॅरी गॉडबरने काढला, पुढच्याच वर्षी २४ व्या वर्षी तो गेला. संगीत रोज ऐकते. चेहरा मात्र भिंतीकडे तोंड करून ठेवते, रात्री पाणी प्यायला उठलं की दचकायला होतं.

मुलगी आता वेगळं काहीतरी ऐकते. मी “आवाज वाढव” म्हणते.

* * *

थोडक्यात : ओपेथ हा बँड. गायकाचं गुरगुरणं सहन होत नसेल तर २००३ चं ‘डॅमनेशन’, त्यात गुरगुर अजिबात नाही. मग ‘ब्लॅकवॉटर पार्क’. तोवर गुरगुरही आवडायला लागते, स्वानुभव.

* * *

गाण्यात शब्द आले की माझं लक्ष शब्दांकडेच जातं, म्हणून कॅमलचं ‘द स्नो गूज’, १९७५. अख्ख्या अल्बममध्ये कहाणी आहे आणि गाऊन सांगितलेला एकही शब्द नाही. इथे अजून कुणी नाव घेतलं नव्हतं म्हणून आलो.

* * *

तुमच्यामुळे आज ‘क्लोज टू द एज’ लावलं. आयुष्यात पहिल्यांदा. पक्षी छान होते. सातव्या मिनिटाला बंद केलं. दोन महिन्यांनी कळवतो.