शब्दचर्चा : सोमॅटिक सेल, भक्षक पेशी, लसिका पेशी

प्रश्न : दुधाच्या रिपोर्टात ‘सोमॅटिक सेल काउंट’ असतो. मराठी पुस्तिकांत त्याला कुठे ‘कायिक पेशी’, तर कुठे ‘भक्षक पेशी’ म्हटलंय. गोठ्यावर सांगताना कोणता शब्द धरावा?

उत्तर : ‘दुधातल्या पांढऱ्या पेशी’ म्हणा. कासेच्या अस्तरातून गळालेल्या थोड्या सोडल्या, तर दाह असताना त्या जवळपास सगळ्या रक्तातूनच आलेल्या असतात. निरोगी सडाच्या दुधात त्या साधारणपणे मिलीलिटरला १ लाखाच्या आत, आणि त्यांत मॅक्रोफेज (जंतू गिळणाऱ्या पांढऱ्या पेशी) भरपूर. जंतू शिरले की मॅक्रोफेजच्या इशाऱ्यावर न्यूट्रोफिल (जंतू गिळणाऱ्याच, पण दुसऱ्या प्रकारच्या पांढऱ्या पेशी) रक्तातून धावून येतात, मग दहातल्या नऊ पेशी त्यांच्याच असू शकतात. आकडा २ लाखांवर गेला की दूध स्वच्छ दिसलं तरी सुप्त कासदाह (वरून न दिसणारी कासेची सूज) धरावा. ‘भक्षक’ या दोघांनाही लागू पडतो, म्हणून तिथे नेमकं नावच लिहावं.

पुरवणी : कॅनचा आकडा सगळ्या गाईंचा मिळून असतो. कोणत्या गाईचा कोणता सड बिघडलाय, हे सीएमटी (कॅलिफोर्निया मस्टायटिस टेस्ट, गोठ्यावरच करायची कासदाहाची चाचणी) सांगते. पहिल्या दोन-तीन धारा टाकून द्या. पॅडलच्या (चाचणीच्या ट्रेच्या) चार वाट्यांत चार सडांचं दूध, प्रत्येकी सुमारे २ मिली, आणि तितकंच चाचणीचं द्रावण. दहा सेकंद पॅडल आडवं गोल फिरवा आणि लगेच बघा, कारण कमी बिघाडातला चिकटपणा थोड्या वेळात विरतो. द्रावणातल्या साबणासारख्या घटकाने पेशी फुटतात, त्यांतला डीएनए बाहेर पडून मिश्रण घट्ट होतं. म्हणजे आपण पेशीच मोजतो, जंतू नव्हे. नुकती व्यालेली किंवा आटत आलेली गाय निरोगी असूनही मिश्रण घट्ट दाखवू शकते.

आणखी एक : ‘लसिका पेशी’ (लिम्फोसाइट, पांढऱ्या पेशींचाच एक प्रकार) शब्द रुळलाय, वापरावा. मात्र माणसाच्या रिपोर्टाच्या सवयीने गाईचं रक्त वाचू नये. माणसात न्यूट्रोफिल जास्त, तर प्रौढ गाईत लसिका पेशी जास्त, आणि ते तिच्यासाठी नॉर्मल आहे. त्यांतल्या बी पेशींपासून प्रतिपिंडं (अँटिबॉडी) बनवणाऱ्या पेशी तयार होतात. टी पेशींपैकी काही बाधित पेशी मारतात, काही इतर पेशींना चालना देतात. वासरांत गॅमा-डेल्टा या प्रकारच्या टी पेशींचं प्रमाण माणसापेक्षा कितीतरी जास्त असतं.

प्रश्न : मग वासराला चीक कशाला, पेशी तर आहेत?

उत्तर : पेशी आहेत, पण अननुभवी. गाईच्या वारेतून प्रतिपिंडं वासराकडे जात नाहीत, ती चिकातूनच मिळतात. वजनाच्या दहाव्या हिश्श्याइतका चीक, म्हणजे ३० किलोच्या वासराला ३ लिटर, आणि पहिला पाजा शक्यतो दोन तासांच्या आत. वार पडायची वाट बघत थांबू नका. प्रतिपिंडं शोषायची आतड्याची ताकद तासागणिक घटते, २४ तासांनी जवळपास संपते.