शरदातली काढणी: एकच कोल्ड रूम, डागाळणारे भोपळे, कोमेजणारा पाला. क्रम कसा लावावा?

वाफसा:
सभासदांच्या आगाऊ वर्गणीवर चालणारी भाजीची शेती आहे. 80 वाटे, दर गुरुवारी दुपारी 4 पासून वाटप. दिवस अजून उबदार आहेत, पण रात्रीचं तापमान 14 अंशांवरून 8-9 वर आलंय (सगळे आकडे सेल्सिअसमध्ये). आत्ता शेतात लाल भोपळा, बटरनट (सुरईच्या आकाराचा भोपळा), रताळी, कांदा, बटाटा, शेवटचे टोमॅटो, घेवडा, ब्रोकोली, गाजर, बीट आणि पालेभाज्या असं सगळं एकदमच तयार आहे. कोल्ड रूम एकच, 4 अंशांवर लावलेली.

तीन अडचणी आहेत.
1. कोल्ड रूममध्ये ठेवलेल्या भोपळ्यांच्या सालीवर तीन आठवड्यांत खोलगट खड्डे पडतात आणि तिथून काळी बुरशी शिरते.
2. रताळी वरून छान दिसतात, पण कितीही शिजवली तरी मधला भाग टणक राहतो, अशी सभासदांची तक्रार आहे.
3. गुरुवारी सकाळी 8 ते 11 मध्ये तोडलेला पालक आणि लेट्यूस 4 वाजेपर्यंत मान टाकतात. तोडल्यावर थेट कोल्ड रूममध्ये ठेवूनसुद्धा.

आधी काय काढायचं, काय शेतातच राहू द्यायचं आणि काय कुठे ठेवायचं?

गोणपाट:
पहिल्या दोन अडचणींचं मूळ एकच आहे: 4 अंश. भोपळा आणि रताळं ही उष्ण हवेची पिकं. भोपळा 10 अंशांखाली आणि रताळं साधारण 12 अंशांखाली राहिलं की पेशींना इजा होते. ती लगेच दिसत नाही, माल उबेला आला की उघडी पडते. भोपळ्यावर खड्डे, आणि रताळ्याचा शिजूनही न मऊ होणारा गाभा, ही या इजेची अगदी ठरलेली लक्षणं आहेत. ते रताळं पुन्हा उबेला ठेवून दुरुस्त होत नाही.

लक्षात घ्या, ही इजा साठत जाते. शेतात आठवडाभर रोज रात्री 8 अंश सोसलेला भोपळा नंतर उत्तम जागी ठेवला तरी कमीच टिकतो. म्हणून क्रम कॅलेंडरवर लावू नका, रात्रीच्या तापमानावर लावा. तुमच्याकडे पारा 8-9 वर आलाय, म्हणजे भोपळा आणि रताळी याच आठवड्यात निघायला हवीत. गाजर, बीट, कोबी, केल (कोबीच्या कुळातली पालेभाजी) यांची अजिबात घाई नको. ती जमिनीत किंवा झाडावर कोल्ड रूमपेक्षा चांगली राहतात आणि थंडीने पिष्टाची साखर होऊन गोडही होतात.

भोपळा तयार आहे हे कसं ओळखायचं: देठ हिरवा-रसरशीत न राहता बुचासारखा कोरडा आणि रेघाळ झालेला असतो, अंगठ्याचं नख सालीत रुतत नाही, आणि जमिनीला टेकलेला डाग पांढुरका न राहता पिवळा-नारिंगी होतो. फक्त रंगावर जाऊ नका. बटरनटचा रंग आधी येतो, गर नंतर भरतो. कात्रीने 5 ते 8 सेंटिमीटर देठ ठेवून कापा आणि फळ कधीही देठाला धरून उचलू नका. देठ निखळला की ती खोबण म्हणजे सडायला उघडं दार. कापणी कोरड्या दुपारी करा. माती कोरड्या फडक्याने पुसा, धुऊ नका.

मग क्युअरिंग, म्हणजे उबेत ठेवून साल पक्की करणं: 27 ते 29 अंश, 80 ते 85 टक्के आर्द्रता, सुमारे 10 दिवस. पॉलिटनेलमध्ये (प्लास्टिकने झाकलेल्या बोगद्यात) एका थरात, एकमेकांना न टेकवता, वर सावलीची जाळी आणि दोन्ही टोकं दिवसा उघडी. ऊन थेट लागलं तर साल भाजते. नंतर 10 ते 13 अंश, 50 ते 70 टक्के आर्द्रता.

रताळ्याला याहून दमट हवा लागते: 29-30 अंश, 85 ते 90 टक्के, 5 ते 7 दिवस. छोटी बंद खोली, एक हीटर, जमिनीवर दिवसातून दोनदा पाणी आणि रोज थोडा वेळ दार उघडून हवा बदलणं, एवढ्यात जमतं. उकरताना लागलेल्या जखमांवर या काळात नवी साल धरते, ती धरली नाही तर साठवणीत प्रत्येक ओरखडा सडतो. क्युअरिंगआधी पाण्याचा थेंबही नको. नंतर 13 ते 15 अंश. काढल्या काढल्या वाटू नका. तीन-चार आठवडे ठेवल्यावरच गोडी येते.

कोवळी_काकडी:
गोणपाट यांच्या म्हणण्याला एक अपवाद जोडते. एकॉर्न जातीच्या भोपळ्यांना क्युअरिंग करू नका. उबेने त्यांची चव आणि पोत उतरतो, साल लवकर नारिंगी पडते. ते काढा आणि सरळ 10 ते 13 अंशांच्या कोरड्या जागी ठेवा, दोन महिन्यांत संपवा. वाटपात सर्वांत आधी हेच द्यायचे, बटरनट शेवटी. तो थांबल्याने सुधारतो.

आता तिसरी अडचण. कोल्ड रूम थंड केलेला माल थंड ठेवते. पानांतली शेतातली ऊब ती फार सावकाश काढते. ऊन चढल्यावर तोडलेल्या पालकाचं पान बरंच तापलेलं असतं. ते दाबून भरलेल्या क्रेटमध्ये आत गेलं की बाहेरची पानं गार होतात, मधली तासन् तास गरम राहून श्वसन करत पाणी घालवतात. वरून पंख्याची कोरडी हवा. मान टाकणारच.

गुरुवारचा क्रम असा लावा. उजाडताच, ऊन पोचायच्या आत, पालेभाज्या. त्यानंतर ब्रोकोली (खोलीच्या तापमानाला दोन-तीन दिवसांत पिवळी पडते, हिला पानांइतकीच घाई), मग मुळं. पानांवरचं दव पूर्ण वाळल्यावरच घेवडा, टोमॅटो, काकडी. ओल्या घेवड्यात हात फिरवला की तांबेरा आणि जिवाणू करपा एका झाडावरून दुसऱ्यावर जातो, आणि शरदात दव उशिरापर्यंत असतं, त्यामुळे हा नियम नेमका याच दिवसांत मोडला जातो.

तोडलेलं क्रेट वाफ्याच्या टोकाला उघडं ठेवू नका. सावली, वर ओलं गोणपाट आणि दर 15-20 मिनिटांनी एक फेरी धुण्याच्या जागी. तिथे पिण्यायोग्य थंड पाण्यात पानं पूर्ण बुडवा, पाच-दहा मिनिटं. पहिल्या टाकीत माती जाते, दुसरी स्वच्छ. गढूळ झालं की पाणी बदला. मग जाळीत निथळून किंवा फिरवून जास्तीचं पाणी काढा, कारण ओल धरलेलं लेट्यूस पिशवीत चिकट होतं. क्रेटला भोकांचा प्लास्टिक अस्तर लावा आणि मगच कोल्ड रूम. पानांना 0 ते 2 अंश आणि 95 टक्क्यांच्या वर आर्द्रता आवडते, तुमचे 4 अंश एका दिवसासाठी पुरे आहेत.

टोमॅटोचं उलट. उन्हाने तापलेलं फळ गार पाण्यात टाकलं की आतली हवा आकसते आणि देठाच्या खुणेतून पाणी, त्याबरोबर जंतू, आत ओढले जातात. धुवायचेच तर पाणी फळापेक्षा 5 अंश गरम हवं. नाहीतर पुसून द्या.

तराजू:
आकड्यांकडे कोणी बघितलं नाही म्हणून लिहितो. शरदात वाटा बिघडतो तो बहुतेक वेळा जास्त काढल्याने. आदल्या दिवशी शेतात फेरी मारून फळ्यावर लिहायचं: पीक, वाट्याचं माप, एकूण, छाटणीसह काढायचं.

गाजर 700 ग्रॅम × 80 = 56 किलो. तुटकी-फाटकी धरून 62 काढा. टोमॅटो 1 किलो × 80 = 80, पण या दिवसांत फळं तडकतात, पाव हिस्सा धरून 100 काढा. पालेभाजी जुडीने मोजा, वजनाने नको. पहिल्या पाच जुड्या तोलून हाताचा अंदाज पक्का करा. भोपळा दर पंधरवड्याला एक, सहा वेळा, म्हणजे 480 फळं. त्यात साठवणुकीतली घट आगाऊ मिळवा, आणि कापणीच्या दिवशीच वेगळे करा: देठ तुटलेले, खरचटलेले, अर्धे कच्चे. ते पहिल्या दोन आठवड्यांत संपवायचे, साठवणीत जाता कामा नयेत. इथे हयगय झाली तर एक खराब फळ आख्खा क्रेट घेऊन जातं.

वाफसा:
खूप उपयोगी. दोन शंका राहिल्या. 12-13 अंशांची वेगळी खोली नाही, उष्ण पिकांसाठी काय करावं? आणि कांदा-बटाटा एकत्र ठेवलाय तो चालेल का? हिरवे टोमॅटोही झाडावर बरेच आहेत.

गोणपाट:
खोलीचं सोपं आहे. भिंती-छताला उष्णतारोधक बोर्ड लावलेली कोणतीही छोटी खोली आणि साधा एसी. तो 16 अंशांवर थांबतो, पण सहा-आठ आठवड्यांच्या वाटपाला 16 चालतं. रताळ्याला पुढे कोंब फुटायला लागतील, एवढंच. वांगी, ढोबळी मिरची, काकडी, बेझिल (परदेशी तुळस) हेही इथेच. बेझिल 4 अंशांत एका रात्रीत काळं पडतं.

कांदा-बटाटा वेगळे करा. बटाट्याला दमट हवा आणि अंधार लागतो, कांद्याला कोरडी वाहती हवा. एकत्र ठेवलात की कांदा ओल धरून मानेतून कुजतो. कांद्याच्या निम्म्याहून जास्त माना पडल्या की उपटा, दोन ते चार आठवडे हवेशीर सावलीत सुकवा. बोटांत मान चोळून निसरडी लागली तर अजून वाळलेला नाही. जाड मानेचे कांदे टिकत नाहीत, ते लगेच वाटा.

बटाट्याचा पाला काढणीच्या दोन-तीन आठवडे आधी कापा आणि माती वाफशावर (ना चिखल, ना कोरडी) असताना खणा. अंगठ्याने घासून साल सुटत असेल तर थांबा. मग 15 अंशांच्या आसपास अंधारात दोन आठवडे, त्यानंतर 5 ते 7. चारच्या खाली पिष्टाची साखर होऊन तळताना काळपट पडतो. हिरवा झालेला बटाटा वाट्यात घालू नका.

कोवळी_काकडी:
हिरव्या टोमॅटोंबद्दल. पूर्ण वाढलेले, खालच्या टोकाला फिकट किंवा गुलाबी झाक आलेलेच तोडा. गडद हिरवे मॅट फळ उबेत ठेवून लाल होत नाही, सुरकुततं. देठ काढा, एकाच थरात, 18 ते 21 अंश. कोल्ड रूममध्ये नको: चव जाते आणि रंग ठिपक्याठिपक्यांनी येतो. पिकते टोमॅटो ब्रोकोली, पालेभाजी आणि गाजरांपासून लांब ठेवा. त्यातून निघणाऱ्या इथिलीन या पिकवणाऱ्या वायूने पानं पिवळी पडतात आणि गाजर कडू होतं. गाजर कडू निघालं की सगळे बियाण्याला दोष देतात, शेजारचं क्रेट कोणी बघत नाही.

निरभ्र, वारा पडलेली रात्र आली की दंव गोठण्याची शक्यता धरा. चौरस मीटरला 30 ग्रॅम वजनाचं आच्छादन कापड साधारण 2 अंशांचं संरक्षण देतं, ते ऊन उतरायच्या आत टाका म्हणजे मातीची ऊब आत राहते. घेवडा आणि मिरची त्याखाली. कोबी, केलवर कापड वाया घालवू नका. गोठलेली पानं मात्र ऊन येऊन सैल होईपर्यंत तोडू नका, हाताळताच काळी पडतात.

तराजू:
वाट्याबरोबर एक चिठ्ठी द्या, नाहीतर इथली सगळी मेहनत सभासदाच्या फ्रिजमध्ये जाते. चार ओळी पुरतात: भोपळा, रताळी, टोमॅटो, कांदा फ्रिजबाहेर. बटाटा अंधारात, कांद्यापासून लांब. गाजर-बीटचा पाला घरी पोचताच कापा, तो मुळातलं पाणी ओढतो. पालेभाजी ओलसर फडक्यात, पिशवीत, दोन-तीन दिवसांत संपवा.