गूगल टीव्हीवर टॉकबॅक सिनेमा सुरू झाला की गप्प होतो, आणि ऑडिओ डिस्क्रिप्शन यादीत सापडत नाही

उंबरठा

घरात दोघांसाठी टीव्ही नीट लावून द्यायचा आहे. मावशीला अजिबात दिसत नाही, फोनवर टॉकबॅक (पडद्यावरचं बोलून वाचून दाखवणारी सोय) सफाईने वापरते. बाबांना मॅक्युलर डिजनरेशन आहे, म्हणजे समोरचं मधलं पुसट आणि कडेचं ठीक. टीव्ही ५५ इंची, गूगल टीव्हीवाला, एचडीएमआय एआरसीवर (टीव्हीचा आवाज बाहेर नेणाऱ्या वायरच्या जोडणीवर) साउंडबार. नेटफ्लिक्स आणि प्राइम व्हिडिओ घेतलेलं आहे.

१. टॉकबॅक मेनूत व्यवस्थित बोलतो. सिनेमा सुरू झाला की गप्प. मध्येच थांबवलं तरी कुठलं बटण निवडलंय ते कळत नाही.
२. नेटफ्लिक्सवर शीर्षकं चाळताना प्रत्येकाची झलक मोठ्याने वाजायला लागते, त्यात टॉकबॅकचा आवाज बुडतो.
३. ऑडिओच्या यादीत कधी 'ऑडिओ डिस्क्रिप्शन' (पडद्यावर काय दिसतंय त्याचं बोललेलं वर्णन) दिसतं, कधी नाही. हिंदीतलं तर एकदाही दिसलं नाही.
४. बाबांना सबटायटल वाचता येत नाहीत.
५. मराठी सिनेमांना वर्णन मिळतं का?

तारजोड

पहिल्या प्रश्नात दोष टॉकबॅकचा नसून साउंडबारकडे जाणाऱ्या आवाजाचा असणार. सिनेमा डॉल्बीत (सराउंड आवाजाच्या एका पद्धतीत) वाजतो तेव्हा टीव्ही तो आवाज न उलगडता, आहे तसा बांधलेला, साउंडबारकडे पाठवतो. बांधलेल्या आवाजात टीव्हीला स्वतःचं काही मिसळता येत नाही. टॉकबॅक बोलत असतो, पण ते बोलणं बाहेर पडायला वाटच नसते. मेनूत डॉल्बी नसतो, म्हणून तिथे सगळं छान ऐकू येतं.

उपाय: सेटिंग्ज > डिस्प्ले अँड साउंड (काही टीव्हींत नुसतं साउंड) > डिजिटल ऑडिओ आउटपुट. तिथे 'ऑटो', 'बायपास' किंवा 'पासथ्रू' असेल तर 'पीसीएम' (टीव्हीनेच उलगडलेला आवाज) करा. वेगळी गूगल टीव्ही काडी वापरत असाल तर हेच ॲडव्हान्स्ड साउंड सेटिंग्जमध्ये सराउंड साउंडखाली असतं, तिथे 'नन' निवडा. सराउंड जाईल, टॉकबॅक येईल. खात्री करायची असेल तर आधी साउंडबारची वायर काढून टीव्हीच्याच स्पीकरवर सिनेमा लावा. तिथे टॉकबॅक बोलला तर रोग हाच.

तरीही गप्प राहिला तर आणखी एक बघा. सिनेमा चालू असताना पडद्यावर बटणंच नसतात, मग वाचणार काय? रिमोटचं मधलं बटण एकदा दाबलं की पट्टी वर येते आणि निवड बहुधा 'पॉज'वर जाते. मावशींना सवय लावायची ती हीच: आधी मधलं बटण, मग बाण.

आणि टॉकबॅकचा शॉर्टकट करून ठेवा. सेटिंग्ज > सिस्टिम > ॲक्सेसिबिलिटी > ॲक्सेसिबिलिटी शॉर्टकट चालू करून सेवेत टॉकबॅक निवडा. मग बॅक आणि खालचा बाण एकत्र ३ सेकंद दाबले की टॉकबॅक चालू-बंद होतो. बाबा बघायला बसले की बंद, मावशी आल्या की चालू. त्यासाठी दर वेळी कुणाला तरी हाक मारावी लागली तर काय उपयोग. फायर टीव्हीवर हेच काम बॅक आणि मेनू २ सेकंद दाबून होतं, तिथे त्याला व्हॉइसव्ह्यू म्हणतात.

नीरव_पहाट

२ आणि ३ चं मूळ प्रोफाइलमध्ये आहे. मावशींची प्रोफाइल वेगळी करा, घरच्यांच्या प्रोफाइलवर त्यांना बसवू नका.

झलक बंद करायला टीव्हीवर शोधत बसू नका, संगणकावर किंवा फोनच्या ब्राउझरमध्ये नेटफ्लिक्सच्या खात्यात जा. त्यांच्या प्रोफाइलच्या प्लेबॅक सेटिंग्जमध्ये 'ऑटोप्ले प्रिव्ह्यूज' ची खूण काढा आणि सेव्ह करा. टीव्हीवर फरक पडला नाही तर दुसऱ्या प्रोफाइलमध्ये जाऊन परत या, नवी सेटिंग ओढली जाते.

तिथेच 'डेटा युसेज' आहे. ज्यांना अजिबात दिसत नाही त्यांच्यासाठी 'लो' ठेवा. त्यात ताशी सुमारे ०.३ जीबी लागतो, एचडीला ताशी ३ जीबीपर्यंत जातो. हा फरक दसपट आहे. चित्र फुटकं दिसेल, पण ते बघतंय कोण! (बाबांची प्रोफाइल मात्र 'हाय' वरच राहू द्या.)

आता यादी. नेटफ्लिक्स सगळ्या भाषा एकदम दाखवत नाही. तुमचा देश आणि प्रोफाइलची भाषा बघून मोजक्याच दाखवतो. ऑडिओ डिस्क्रिप्शन हा त्याच्या लेखी आणखी एक ऑडिओ ट्रॅक, त्यामुळे भाषा गाळली की तिचं वर्णनही गळतं. प्रोफाइल > लँग्वेजेस मध्ये 'शोज अँड मूव्हीज लँग्वेजेस' खाली हिंदीवर खूण करा. नेटफ्लिक्सच्या काही मूळ हिंदी मालिका-सिनेमांना हिंदी वर्णन आहे, ते मग यादीत वर येतं. त्यानंतरही दिसलं नाही तर त्या शीर्षकाला ते बहुधा केलेलंच नाही. हक्क विकत घेतलेल्या जुन्या सिनेमांत असं सर्रास असतं. कंपनीच्या स्वतःच्या निर्मितीत शक्यता सगळ्यात जास्त.

शोधात 'ऑडिओ डिस्क्रिप्शन' असं इंग्रजीत टाकलं की नेटफ्लिक्सवर तशी शीर्षकं एकत्र मिळतात. प्राइमवर तपशिलाच्या पानावर ऑडिओ भाषांची यादी वाचा, भाषेपुढे कंसात ऑडिओ डिस्क्रिप्शन लिहिलेलं असतं. 'सीसी' ही खूण बघून हुरळून जाऊ नका, ती कर्णबधिरांसाठीच्या मथळ्यांची आहे.

डाउनलोडमध्ये हमखास फसगत होते. उतरवलेल्या फाइलसोबत सगळे ट्रॅक येत नाहीत, एकदोनच येतात. आधी ऑनलाइन लावायचं, वर्णनाचा ट्रॅक निवडायचा, थोडं वाजू द्यायचं आणि मग उतरवायचं. प्रवासाला निघण्याआधी विमान मोड लावून एकदा तपासा.

उंबरठा

पीसीएम केल्यावर टॉकबॅक सिनेमातही बोलतोय. हिंदी वर्णनही सापडलं. पण आता घरातले बाकीचे कुरकुरतायत. सगळे मिळून बघताना वर्णनाचा आवाज त्यांना नको असतो. एकाच वेळी साउंडबारवर साधा आवाज आणि मावशीच्या इअरफोनवर वर्णन असं करता येतं का?

तारजोड

एका टीव्हीवर नाही. एकच ॲप एका वेळी एकच ट्रॅक वाजवतं. ब्लूटूथ इअरफोन जोडला तरी दोन्हीकडे तोच ट्रॅक जाणार.

दोन उपकरणं लागतात: टीव्हीवर साधा ट्रॅक, मावशींच्या फोनवर तेच शीर्षक वर्णनासह, एका कानात इअरफोन. प्लॅन एकापेक्षा जास्त स्क्रीनचा हवा, फक्त मोबाइलच्या प्लॅनमध्ये हे जमणार नाही. जुळवायचं असं: दोन्हीकडे कंपनीची नाममुद्रा संपून पहिला आवाज येतो तिथे पॉज करा. आधी फोन सुरू करा, टीव्हीवर तोच आवाज आला की फोन पुढे आहे का मागे ते कळतं. पुढे असलेल्याला क्षणभर पॉज करून सोडा. १० सेकंदांच्या उड्या मारत बसलात तर कधीच जुळणार नाही. ब्लूटूथमध्ये आवाज थोडा उशिरा पोचतो, म्हणून शक्यतो वायरचा इअरफोन.

फोनवर टॉकबॅक असताना दोन बोटांनी दोनदा टॅप केलं की पॉज-प्ले होतं, बटण शोधावं लागत नाही. आयफोनच्या व्हॉइसओव्हरमध्येही तेच. बटणांची पट्टी लवकर नाहीशी होते ही तक्रार असेल तर अँड्रॉइडच्या सेटिंग्ज > ॲक्सेसिबिलिटीत 'टाइम टू टेक ॲक्शन' २ मिनिटांवर न्या. काही फोनांत ते वेगळ्या नावाने आत दडलेलं असतं, आणि पाळायचं की नाही हे ॲपच्या मर्जीवर. पण फुकट आहे, करून बघा.

कडेचा_डोळा

बाबांबद्दल लिहितो, धाग्यात त्यांचा प्रश्न मागे पडलाय.

सबटायटल: नेटफ्लिक्सच्या खात्यात, बाबांच्या प्रोफाइलखाली 'सबटायटल अपिअरन्स'. आकार 'लार्ज', रंग पिवळा, मागची पट्टी काळी आणि पूर्ण अपारदर्शक. पट्टी महत्त्वाची. पांढरी अक्षरं आणि मागे बर्फ, आकाश किंवा पांढरा सदरा आला की अक्षर कितीही मोठं असलं तरी जातं. सावली किंवा बाह्यरेषेने तेवढं काम होत नाही. आयफोन-आयपॅडवर ही शैली ॲपमध्ये नाही, फोनच्या ॲक्सेसिबिलिटी > सबटायटल्स अँड कॅप्शनिंगमध्ये ठरते.

यापेक्षा मोठा फरक खुर्चीने पडतो. अंतर निम्मं केलं की चित्र डोळ्यावर दुप्पट उमटतं. ५५ इंची पडद्याची रुंदी साधारण १२२ सेंमी. तो ३ मीटरवरून बघण्यापेक्षा १० इंची टॅबलेट ३५ सेंमीवर धरला तर चित्र दीडपट मोठं दिसतं. १०० इंची टीव्ही घ्यायचा विचार असेल तर आधी सोफा पुढे ओढा. जवळून बघितल्याने डोळे आणखी बिघडतात ही भीती ज्येष्ठांच्या मनात पक्की असते. तसं होत नाही, हे त्यांच्या डॉक्टरांच्याच तोंडून ऐकवा. घरच्यांचं पटत नाही. मध्यभाग पुसट असणारे बरेच जण बाजूला तिरकं बघतात, तेव्हा खुर्ची टीव्हीच्या बरोबर समोरच हवी असं नाही. त्यांना जिथून सोयीचं तिथे. पाठीमागची खिडकी पडद्यात उमटत असेल तर पडदा ओढा.

आणि वर्णनाचा ट्रॅक बाबांनाही लावून बघा. तो फक्त पूर्ण अंध व्यक्तींसाठी असतो असा समज आहे. ज्यांना माणूस दिसतो पण चेहरा ओळखू येत नाही, त्यांना 'दारात कोण आलं' एवढं कळलं तरी प्रसंग लागतो.

आडवाटेचा

मराठीचा प्रश्न उरला. स्ट्रीमिंगवर मराठी सिनेमाला मराठीत वर्णन जवळपास नाहीच, तेव्हा त्या आशेवर वर्गणी घेऊ नका. एक वेगळा मार्ग आहे: एक्सएल सिनेमा आणि मूव्हीबफ ॲक्सेस ही ॲप. वर्णनाची फाइल फोनवर आधी उतरवायची, ॲप माइकमधून सिनेमाचा आवाज ऐकून जागा जुळवतं आणि इअरफोनमध्ये वर्णन देतं. ही मुख्यतः थिएटरसाठी आहेत, यादीत हिंदी जास्त. यादी आधी बघा. माइकची परवानगी नाकारली किंवा टीव्हीचा आवाज फार हळू असला तर जुळणी होत नाही.

नाहीतर घरातला माणूस शेजारी बसून सांगतो. ते बऱ्याचदा चुकीचं होतं: संवादावर बोललं जातं आणि 'आता ती दुःखी झालीय' असे निष्कर्ष दिले जातात. संवादांच्या मधल्या फटीत, वर्तमानकाळात, दिसतं तेवढंच सांगा: "रात्र. वाड्याचा चौक. सुमन कंदील खाली ठेवते. पत्र फाडते." नाव पात्राला नाव मिळाल्यावरच, तोवर 'दाढीवाला'. पडद्यावरची चिठ्ठी, मोबाइलवरचा मेसेज, 'दहा वर्षांनंतर' अशी पाटी हे न चुकता वाचायचं. गाण्यात दर ओळीला बोलू नका, जागा बदलली तर सांगा. परक्या भाषेतला संवाद आला की सबटायटल वाचावी लागतात, तिथे वर्णन बाजूला ठेवा.

स्क्रीनशॉट काढून ॲपकडून वर्णन करून घ्यायचा सल्ला कुणी देईल. कॉपी-संरक्षणामुळे चित्र बहुधा काळं येतं, वेळ घालवू नका.

तक्रार मात्र करा. दिव्यांगजन हक्क कायदा २०१६ च्या कलम ४२ मध्ये इलेक्ट्रॉनिक माध्यमांसाठी ऑडिओ डिस्क्रिप्शनचा स्पष्ट उल्लेख आहे. जानेवारी २०२३ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने 'पठाण'च्या ओटीटी आवृत्तीसाठी हिंदी वर्णन तयार करायला निर्मात्यांना सांगितलं होतं. केंद्राने १५ मार्च २०२४ ला काढलेल्या मार्गदर्शक सूचना थिएटरच्या आहेत, त्या ओटीटीच्या तक्रारीत लावू नका. ओटीटीसाठीचा मसुदा ऑक्टोबर २०२५ मध्ये आला.

माहिती तंत्रज्ञान नियम २०२१ नुसार ओटीटी कंपनीला तक्रार अधिकाऱ्याचा संपर्क साइटवर द्यावा लागतो आणि १५ दिवसांत निर्णय कळवावा लागतो. नाही कळवला तर वरच्या स्वयंनियमन संस्थेकडे जाता येतं. 'तुमचं ॲप अंधांना वापरता येत नाही' एवढ्यावर छापील उत्तर येतं. शीर्षक, सीझन, भाग, उपकरणाचं मॉडेल, ॲपची आवृत्ती, प्रोफाइलची भाषा, तारीख, आणि नेमकं काय: ट्रॅक नाहीच, की फोनवर आहे आणि टीव्हीवर नाही, की बटणाला नाव नसल्यामुळे टॉकबॅक नुसतं 'बटण' म्हणतो. ही तिन्ही कामं कंपनीत बहुधा वेगवेगळ्या माणसांकडे असतात. एका तक्रारीत एकच लिहा.

नीरव_पहाट

यात एक जोड. क्रिकेट बघत असाल तर २०२५ च्या चॅम्पियन्स ट्रॉफीला जिओहॉटस्टारवर सांकेतिक भाषेसोबत वर्णनात्मक समालोचनही होतं. पुढच्या स्पर्धेला भाषांच्या यादीत ते आहे का, सामना सुरू व्हायच्या आधीच बघून ठेवा. चालू सामन्यात ट्रॅक बदलताना ॲप परत लोड होतं आणि विकेट नेमकी तेव्हाच पडते.

उंबरठा

बाबांच्या प्रोफाइलवर सबटायटल पिवळं-काळं केलंय, सोफा दीड मीटरवर आणलाय. वर्णनही लावून दिलं. प्राइमवर एका मालिकेचा ट्रॅक फोनवर दिसतो आणि टीव्हीवर नाही, त्याची तक्रार वरच्या पद्धतीने आज पाठवतो.