चर्चा: हक्कांची लढाई मयतीच्या वर्गणीतून उभी राहते का?

अवंती_स
अमेरिकेतल्या मेक्सिकन लोकांच्या चळवळीचा विषय निघाला की सगळे थेट शेतमजुरांचे नेते सीझर चावेझ, त्यांचा द्राक्षांवरचा बहिष्कार आणि मोर्च्यांवर येतात, त्याआधीच्या मुतुआलिस्तांबद्दल कुणी बोलतच नाही. मुतुआलिस्ता म्हणजे परस्पर मदतीची मंडळं. दर महिन्याला वर्गणी भरायची, आजारी पडलं तर त्यातून मदत, आणि कुणी गेलं तर मयतीचा खर्च मंडळ करणार. १८९४ साली ॲरिझोनातल्या टूसॉनमध्ये अलियान्सा इस्पानो-आमेरिकाना निघाली, त्यांचं मुख्य कामच मयतीचा विमा. आणि चावेझनी १९६२ ला कॅलिफोर्नियातल्या फ्रेस्नोत शेतमजुरांची संघटना बांधली तेव्हाही लगेच संप नाही केला, महिन्याला साडेतीन डॉलर वर्गणी, मयतीचा विमा, मग पतपेढी, आणि संप तीन वर्षांनी. माझं स्पष्ट मत आहे की घरात मयत झाली तेव्हा जी संघटना दारात आली तिच्याच हाकेला माणूस मजुरी सोडून रस्त्यावर येतो, नुसत्या भाषणाने कुणी येत नाही.

सह्याद्री_७
अजिबात पटलं नाही. शंभर मुतुआलिस्ता होत्या म्हणून मेक्सिकन आणि गोऱ्या मुलांच्या शाळा एक झाल्या का? १९३० च्या मंदीत लोकांकडे वर्गणीलाच पैसे नव्हते, कित्येक मंडळं बंद पडली, आणि त्याच काळात लाखो मेक्सिकन लोकांना, त्यातले बरेच तर जन्माने अमेरिकन नागरिक, मेक्सिकोला पाठवून दिलं. मंडळं ते थांबवू शकली नाहीत. मेक्सिकन मुलांच्या वेगळ्या शाळा बंद झाल्या त्या कोर्टात. कॅलिफोर्नियाच्या ऑरेंज काउंटीत मेंडेझ कुटुंब आणि इतर काही पालक केस लढले, १९४६ ला जिंकले, १९४७ ला अपिलातही टिकले. मदत करणं चांगलंच हो, पण मदतीमुळे माणूस अन्याय सोसत दिवस ढकलतो, अन्याय तसाच राहतो.

अवंती_स
कोर्टाचं महत्त्व मी कुठे नाकारतेय? पण केस चालवायला पैसा आणि पाठीशी माणसं लागतात. ॲरिझोनात टॉलसन गावातल्या अशाच वेगळ्या शाळांविरुद्धची केस १९५१ मध्ये जिंकली, तिच्यामागे कोण होतं? हीच अलियान्सा, मयतीचा विमा देणारी. पन्नास-साठ वर्षं वर्गणी गोळा करणारी संस्था होती म्हणून वकील उभा करता आला. आणि शेतमजुरांना तर कोर्टाचा आधारच नव्हता, १९३५ च्या कामगार कायद्यातून त्यांना सरळ वगळलेलं, त्यांनी कुठे जायचं होतं?

मुक्काम_फ्रेस्नो
मी याच भागात राहतो म्हणून दोघांनाही सांगतो, तो १९६५ चा संप, म्हणजे डेलानोच्या द्राक्षमळ्यांतला, मेक्सिकन संघटनेने सुरूच केला नाही. ८ सप्टेंबर १९६५ ला फिलिपिनो मजुरांनी काम थांबवलं, लॅरी इटलिआँग त्यांचे नेते, आणि चावेझ-डोलोरेस वेर्ताच्या संघटनेने आठ दिवसांनी चर्चमध्ये सभा घेऊन साथ द्यायची ठरवलं. अवंतीताई, तुमच्या मयतीच्या विम्याच्या गोष्टीत हे बसत नाही. फिलिपिनो मजुरांकडे मळ्यात लढायचा जुना अनुभव होता, त्यांनी वाट पाहिली नाही. त्यांनी सुरुवात केली नसती तर चावेझ अजून काही वर्षं पतपेढीच चालवत बसले असते असं मला वाटतं.

सह्याद्री_७
हेच म्हणतोय मी!! रेटा आधी लागतो.

अवंती_स
सुरुवात फिलिपिनोंनी केली, हे मान्यच आहे, ते सांगितलंच पाहिजे. पण तो संप पाच वर्षं चालला, १९७० पर्यंत, आणि पाच वर्षं बिनपगारी घर चालवायला काय लागतं याचा विचार करा. संपकऱ्यांची स्वयंपाकघरं, दवाखाना, पतपेढी, हे सगळं नुसत्या रेट्याने होत नाही.

नीलिमा_क
तुमच्या वादात एक माणूस कुणालाच दिसत नाहीये, तो म्हणजे कागदपत्रं नसलेला. जुन्या मुतुआलिस्तांमध्ये बहुधा नागरिक आणि परदेशी एकत्र बसायचे. मग १९२९ ला टेक्सासच्या कॉर्पस क्रिस्टीत लुलाक ही मेक्सिकन-अमेरिकनांच्या हक्कांसाठीची संघटना स्थापन झाली आणि तिने सदस्यत्व फक्त अमेरिकन नागरिकांना दिलं. कोर्टात आपण नागरिक म्हणून उभे राहिलो तरच ऐकतील हा हिशोब मला कळतो, पण शेजारच्या बिनकागदाच्या मजुराला दारात थांबवून मिळवलेले हक्क अर्धेच म्हणायचे. चावेझच्या संघटनेनेही १९७४ मध्ये संपफोडे म्हणून बिनकागदाच्या मजुरांची नावं इमिग्रेशनला कळवायची मोहीम चालवली. त्याला उघड विरोध केला कामगार नेते बर्ट कोरोनांनी, ज्यांनी सोलेदाद आलातोरेंबरोबर १९६८ ला लॉस एंजेलिसमध्ये कासा नावाची संघटना उभी केली होती, बिनकागदाच्या कामगारांना कायद्याची मदत आणि त्यांची संघटना दोन्ही एकाच छपराखाली. मला विचाराल तर मदत आधी की हक्क आधी हा वादच मला दुय्यम वाटतो, वर्गणीच्या वहीत नाव कुणाचं लिहायचं हे आधी ठरवा.

सह्याद्री_७
नीलिमा, हा मुद्दा मला पटला, पण लुलाकला इतकं झोडपू नका. १९२९ च्या टेक्सासमध्ये मेक्सिकन माणसाला ज्युरीत घेत नव्हते, हॉटेलात बसू देत नव्हते. १९५४ ला ज्युरीतून वगळण्याविरुद्धची हर्नांडेझची केस सुप्रीम कोर्टात जिंकली ती लुलाक आणि जीआय फोरम या मेक्सिकन-अमेरिकन माजी सैनिकांच्या संघटनेच्या लोकांनीच. कागद असलेल्यांनी आधी दार उघडलं नसतं तर बाकीच्यांसाठी लढायला कोण उरलं असतं?

नीलिमा_क
दार उघडलं हे खरं, पण मग मागच्यांसाठी ते उघडं ठेवायचं होतं ना, कोरोनांना १९६८ मध्ये वेगळी संघटना काढावी लागली ती का, याचं उत्तर द्या.